अकरा उत्तरार्ध

निलंग्याच्या शरणप्पांनी एकदा उदगीरच्या बाजारात उन्हासाठी कोणाची तरी छत्री घेतली आणि ती परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा निलंग्याहून उदगीर गाठले, तेही चालत आणि छत्री न उघडता. त्यांचे चिरंजीव गुरुपादप्पा उसनी आणलेली सुई परत करताना तीत हातभर दोरा ओवून देत. गुरुपादप्पांचे अण्णाराव तर दुसऱ्याने दिलेला सल्लासुद्धा अंगावर ठेवत नसत. देणाऱ्याला तिथल्या तिथे दोन सल्ले देऊन मोकळे होत. या तीन पुरुषांच्या मागे त्या घराण्याचा सगळा ताठा एकाच ठिकाणी गोळा झाला. ते ठिकाण म्हणजे अण्णारावांची थोरली लेक आणि लातूरचे आडते अमृतराव यांची पत्नी, गौरम्मा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दुसरा उन्हाळा चालू होता. गावाला कलेक्टर मिळाले होते, नव्या कचेऱ्या मिळाल्या होत्या, कचेऱ्यांना पाट्याही मिळाल्या होत्या. पाणी तेवढे मिळालेले नव्हते. नळ कधीच कोरडे पडले होते आणि आठवड्यातून एकदा टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवी. अशाच एका टँकरखालच्या चिखलात धोंडाबाई घसरली आणि तिचे कमरेचे हाड मोडले.

धोंडाबाईचे घर गौरम्माच्या घरापासून पाचवे. शेतकऱ्याघरची विधवा बाई, सडेतोड, बारीक अंगाची. मुलगा रामकिशन नव्या कचेरीत कारकून. पायाला वजन बांधून धोंडाबाई खाटेवर पडली होती आणि गौरम्मा रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसे. कारण उघड होते. बहात्तरच्या दुष्काळात गौरम्माला कावीळ झाली, तेव्हा याच धोंडाबाईने तिच्या घरचे पाणी अडीच महिने भरले होते. त्याबद्दल गौरम्माने तिला इरकली लुगडे नेसवले होते, रामकिशनच्या लग्नात पाच भांडी दिली होती, आणि तो विषय आपल्या बाजूने मिटवून टाकला होता.

त्या दुपारी धोंडाबाई छताकडे बघत म्हणाली, "त्या आंधळ्या माईचं पुढं काय झालं असंल गं?"

"कोणत्या माईचं?"

"सिनेमातल्या. पोरानं बैल विकला अन् इकडं माय आंधळी झाली. तिथवर बघितलं म्या."

"पुढं का नाही बघितलंस?"

"पुढं नळ यायचा की."

गौरम्माने पदर सावरला आणि चौकशी सुरू केली. धोंडाबाईला आयुष्यात एकच शौक होता. दर गुरुवारी तीन वाजता थेटरात फक्त बायकांचा खेळ असे, तो ती चुकवत नसे. बहात्तर साली सार्वजनिक नळ साडेचारला येई. म्हणजे मध्यंतर झाले की धोंडाबाई उठे, धावत गल्लीत येई, आणि काविळीने पडलेल्या गौरम्माचे दोन हंडे भरी.

"किती गुरुवार?" गौरम्माने विचारले.

"अकरा. मोजलेत म्या. रिकामी पडल्यावर मोजायलाच हाय काय दुसरं?"

"बारा वर्षांत बोलली नाहीस."

"बोलून काय? सिनेमा गेला उठून. तू वाचलीस, ते पुरं हाय."

गौरम्मा घरी आली ती भाकरी न खाता बसून राहिली. लुगडे आणि भांडी यांत पाण्याची फेड झाली होती. अकरा सिनेमांची झाली नव्हती. शिवाय महिनाअखेरीस वजन निघाले की धोंडाबाईची लेक साखराबाई जीप घेऊन येणार आणि आईला कायमची भोकरला नेणार हे ठरलेले होते, कारण तिच्या सासरच्या विहिरीला अजून पाणी होते. भोकर म्हणजे नांदेडच्याही पलीकडे. तिथे जाऊन कोण कोणाचे फेडणार?

"मला सिनेमाचं यंत्र पाहिजे," तिने संध्याकाळी अमृतरावांना सांगितले.

अमृतराव दचकले. गौरम्माने जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. अंधारात परक्या माणसांच्या शेजारी बसून रडणे तिला घराण्याला शोभेसे वाटत नसे.

"किती दिवसांसाठी?"

"अकरा सिनेमे होईपर्यंत. अर्धे अर्धे."

अमृतरावांच्या संसाराला अडतीस वर्षे झाली होती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून व्हीसीआर आला, आणि तो घरात ठेवण्याचा सरकारी परवानाही निघाला.

यंत्र उचलून धोंडाबाईच्या घरी न्यावे, हा साधा विचार सुचला नाही असे नाही. रामकिशनकडे टीव्ही होता. जिल्हा झाला म्हणजे टीव्हीचा मनोरा येणारच, या भरवशावर त्याने तो सोसायटीचे कर्ज काढून आगाऊ घेऊन ठेवला होता, आणि मनोरा येईपर्यंत घरातली माणसे त्यावरचा भरतकामाचा रुमाल बघत. पण रामकिशन सरकारी माणूस. त्याने परवाना वाचला.

"मावशी, परवाना तुमच्या पत्त्यावरचा हाय. यंत्र त्याच पत्त्यावर राहिलं पाहिजे. माझ्या घरात सापडलं तर माझी नोकरी जाईल."

"पाच घरांचं अंतर आहे रामकिशन."

"परवान्यात अंतर लिहीत न्हाईत, मावशी. पत्ता लिहितात."

तेव्हा यंत्र गौरम्माच्या घरी आणि चित्र धोंडाबाईच्या घरी, असा मार्ग काढायचे ठरले. तो काढून दिला व्हिडिओ लायब्ररीवाल्या खाजाभाईने. यंत्रातून एक वायर निघेल, गच्च्यांवरून जाईल आणि धोंडाबाईच्या टीव्हीत उतरेल.

मधल्या चार गच्च्या मात्र चार माणसांच्या होत्या. पहिली गच्ची निवृत्त मुख्याध्यापक मल्लिकार्जुन मास्तरांची. त्यांनी वायरीकडे चष्म्यावरून पाहिले.

"वायर जाऊ द्या की वहिनी. आमची हरकत नाही. फक्त जाता जाता एक फाटा आमच्या घरात उतरवा."

"तुमच्याकडे टीव्ही कुठे आहे?"

"फाटा असला म्हणजे घेण्याला जोर येतो."

दुसरी गच्ची कमलम्माची. तिने फाटा मागितलाच, वर वायर दक्षिणेकडून घराबाहेर पडू नये असेही सुचवले. उरलेल्या दोघांनीही तेच केले. गौरम्माला कोणाची गच्ची फुकट वापरणे शक्यच नव्हते. त्यामुळे चारही फाटे तिने स्वतःहून कबूल केले आणि आठ दिवसांत त्या गल्लीत तीन नवे टीव्ही आले. मास्तरांनी आपला लेकीच्या सासरहून उसना आणला.

चित्राचेही पाण्यासारखेच असते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. वाटेत चौघांनी तोंड लावले की शेवटच्या माणसापर्यंत नुसती ओल पोचते. मास्तरांच्या टीव्हीवर नायकाच्या मिशीचा केस न् केस दिसे. धोंडाबाईच्या टीव्हीवर नायक आहे की नायिका, हे आवाजावरून ठरवावे लागे.

"कालव्याच्या शेवटाला शेत असल्यावानी झालं बग माझं," धोंडाबाई म्हणाली.

गौरम्माने खाजाभाईला बोलावले. तो म्हणाला, "अम्मा, बूस्टर लगाना पडता. नईं तो फाटे काटो."

"दिलेला फाटा मी तोडणार नाही. बूस्टर आण."

इकडे सिनेमे ओळखण्याचे काम चालू होते. धोंडाबाईला एकाही सिनेमाचे नाव आठवत नव्हते, आणि जे आठवत होते ते सगळे मध्यंतराच्या अलीकडचे. गौरम्मा ते कागदावर लिहून घेई आणि दुकानात जाऊन खाजाभाईपुढे गंभीरपणे वाचून दाखवी : "एक : बैल विकतो, आई आंधळी होते. दोन : टांगेवाल्याला श्रीमंत मुलगी थोबाडीत मारते, मग त्याच टांग्यात बसते. तीन : दोन भाऊ जत्रेत हरवतात."

"तीन नंबर के मेरे पास चालीस हैं, अम्मा."

"थोरल्याच्या हातावर विंचू गोंदलेला."

"फिर भी छे हैं."

धाकट्याने हरवताना हातात काय धरले होते, हे विचारण्यासाठी गौरम्मा भर उन्हात दोनदा परत गेली. शेवटी भिंगरी निघाली, आणि सिनेमा सापडला. अशा रीतीने दहा दिवसांत अकरा कॅसेटी जमल्या. गौरम्माने त्या शिकेकाईचा डबा हलवून फडताळात मांडल्या.

पहिल्या दिवशी यंत्राची पूजा झाली. गौरम्माने यंत्राला हळदकुंकू वाहिले, आणि शिवाचे नाव घेऊन त्याच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले. यंत्राचे कपाळ म्हणून तिने जी जागा धरली होती, ती कॅसेट आत जाण्याची फट होती. पुढे रोज स्नान झाले की देवांबरोबर त्यालाही भस्म लागू लागले.

मग खाजाभाईने कॅसेट मध्यंतरापर्यंत पुढे सरकवून दिली आणि पाच घरांत एकदम चित्र उमटले. एक आंधळी म्हातारी भिंत चाचपत होती. पाच घरांपैकी चार घरांत विचारणा सुरू झाली.

"ही बाई कोण?" कमलम्मा गच्चीवरून ओरडली.

"आई," गौरम्माने उत्तर दिले.

"कोणाची?"

"ते पूर्वार्धात आहे."

"मग पूर्वार्ध लावा की."

"तो धोंडाबाईने पाहिलेला आहे."

गौरम्माचा हिशेब स्वच्छ होता. जेवढे बुडाले तेवढेच परत करायचे. जे पाहिले आहे ते पुन्हा दाखवणे म्हणजे देण्यापेक्षा जास्त देऊन धोंडाबाईला आपल्या उपकाराखाली आणणे, आणि हे त्या घराण्यात कोणी केले नव्हते. गच्ची वापरू दिल्याबद्दल गल्लीला चित्र कबूल केले होते, कथानक कबूल केलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी टांगेवाला सव्वा मिनिट आधीपासून लागला, तर धोंडाबाईच्या घरून निरोप आला की पुलावरचा हा प्रसंग तिने पाहिलेला आहे. गौरम्माने तो पूल काढून टाकायला लावला. गल्लीत मोठा सुस्कारा ऐकू आला.

चौथ्या दिवशी पडद्यावर बर्फ पडू लागले. मास्तरांनी सल्ला दिला, यंत्र तापले आहे, त्यावर ओले फडके टाका. पाण्याचा थेंब नसताना ओले फडके कुठले आणायचे, यावर त्यांचा सल्ला नव्हता. कमलम्माला दक्षिण दिशेचा दोष स्पष्ट दिसत होता. खाजाभाईने झाकण उघडले आणि बोट आत घालून बाहेर काढले.

"अम्मा, अंदर राख कायकी?"

"राख नव्हे. भस्म."

"हेड पूरा भर गया अम्मा, भस्म से."

"मग चांगलंच आहे की."

"आदमी को अच्छा है, अम्मा. मशीन को नक्को."

गौरम्माचा चेहरा उतरला. पण ती हरणारी नव्हती. यंत्राला भस्म बंद झाले आणि त्याऐवजी ते ठेवलेल्या टेबलाच्या पायाला लागू लागले.

सातव्या दिवशी सिनेमा चालू असतानाच टँकर आला. टँकरवर उभ्या असलेल्या माणसाने खाली लोंबलेली वायर बाजूला करण्यासाठी धरली, आणि चालकाने त्याच क्षणी गाडी पुढे घेतली. वायर पाच घरांतून उपटून निघाली आणि टँकरमागे फरफटत थेट गंजगोलाई बाजाराच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी गल्लीला पाणी मिळाले आणि सिनेमा गेला. आदल्या आठवड्यात ज्या बायका घागरीसाठी भांडल्या होत्या, त्या घागरी खाली ठेवून वायर गोळा करायला धावल्या. इतकी एकी त्या गल्लीत पूर्वी दिसली नव्हती, आणि तिचे कारण गौरम्माला पुढे दोन दिवसांनी कळले : त्या सिनेमात खून कोणी केला, हे सांगायचे राहिले होते.

दहा सिनेमे असे पार पडले. आंधळ्या आईला दिसू लागले, टांगेवाल्याचे लग्न लागले, भाऊ भेटले. अकरावा उरला आणि साखराबाईची जीप यायला दोन दिवस उरले. त्या सकाळी रामकिशन गौरम्माच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता.

"मावशी, अर्ज आला हाय. निनावी. माझ्याच टेबलावर."

अर्जात लिहिले होते की, सदर गल्लीत विनापरवाना सिनेमा दाखवला जातो. परंतु अर्जदाराची मुख्य तक्रार ती नव्हती. सिनेमा पूर्ण दाखवला जात नाही आणि रहिवाशांना मानसिक क्लेश होतात, ही होती. अक्षर मोत्यासारखे होते. त्या अक्षरावरून अर्धी गल्ली शिकली होती, रामकिशनसकट.

"मास्तरांचं अक्षर," गौरम्मा म्हणाली.

"मी ओळखलं न्हाई," रामकिशन म्हणाला. "मी कारकून हाय."

दुपारी करमणूक कराचे साहेब आले. भला माणूस होता; त्याने चहासुद्धा पाणी वाचावे म्हणून नको म्हटला.

"तिकीट लावता का, आजी?"

"नाही."

"मग मोबदला काही घेता?"

"गच्चीवरून वायर नेते."

साहेबांनी लिहिले : मोबदला, गच्ची. मग त्यांची लेखणी थांबली. "खेळ किती दाखवले?"

"दहा अर्धे."

"म्हणजे पाच."

"पाच कसे? पाच सिनेमे पुरते दाखवले नाहीत मी. दहा अर्धे दाखवले."

साहेबांनी तक्ता उलटसुलट पाहिला. त्यात अर्ध्या खेळाला रकाना नव्हता. कर पूर्ण खेळावर होता, आणि पूर्ण खेळ झालेला नव्हता. म्हणून कर लावता येईना आणि सोडताही येईना. असे जुने प्रकरण पूर्वी झाले असेल तर त्याची फाइल जुन्या जिल्ह्याच्या गावी असणार होती, आणि फाइली अजून यायच्या होत्या.

"मार्गदर्शन मागवतो," साहेब म्हणाले. "तोवर यंत्र सील करावं लागेल."

"किती दिवस?"

"फाइली येईपर्यंत."

"जिल्ह्याला दोन वर्षं झाली, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, आता येतील."

यंत्राला फीत बांधली गेली आणि फितीवर लाख ओतली गेली. त्या संध्याकाळी मल्लिकार्जुन मास्तर आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"वहिनी, यंत्र बंद पडावं असा माझा हेतू नव्हता. पूर्वार्ध मिळावा, एवढंच लिहिलं होतं."

"अर्ज निनावी होता, मास्तर. तुम्ही कशाला बोलता?" गौरम्मा म्हणाली, आणि मास्तर खाली मान घालून गेले.

ती मात्र फडताळासमोर उभी राहिली. अकरावी कॅसेट तशीच होती. दहा फेडले म्हणजे फेडले नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरम्मा इरकली नेसून, डोक्यावरून पदर घेऊन खाजाभाईच्या दुकानात गेली. दुकानात स्टुलावर चार रिकामटेकडे बसले होते. तिला पाहून चौघेही उठले.

"बसा," ती म्हणाली. "मला मध्यंतरापासून शेवटपर्यंत बघायचंय. कोणी मधे बोलू नका. मला पाठ करायचंय."

एक तास पंचवीस मिनिटे गौरम्मा ताठ बसून राहिली. तिच्या घरी यंत्र होते, टीव्ही नव्हता; त्यामुळे तिच्या आयुष्यातला हा पहिला सिनेमा. ती पडद्याकडे परीक्षेचा पेपर असल्यासारखी बघत होती, आणि एका जागी तिने खाजाभाईला मागे घ्यायला लावले, कारण वकिलाचे एक वाक्य निसटले होते. निघताना चौघांपैकी एकाने धीर करून विचारले, "कसा वाटला, आजी?"

"अजून सांगून व्हायचाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला साखराबाईची जीप गल्लीत लागली. बोचके बांधून झाले होते. गौरम्मा आत आली आणि खाटेशेजारी पाटावर बसली.

"अकरावा राहिला," ती म्हणाली. "मशीन सील झालं. मी बघून आलेय. सांगते."

धोंडाबाईने मान वळवली. "तू गेलतीस? दुकानात?"

"कुठवर पाहिलं होतंस?"

"लगीन लागून राहिलतं, अन् पोलीस आले. नवऱ्याला धरलं."

"बरं. पोलिसांच्या गाडीत बसतो. मागं वळून बघतो. ती बोहल्यावर उभी. इथं गाणं आहे."

"मग म्हण की."

दारात कमलम्मा येऊन उभी होती, खिडकीत मास्तर होते, साखराबाईचा ड्रायव्हरही आत डोकावत होता. गौरम्माला एकच चाल येत होती, मठातल्या सोमवारच्या भजनाची. विरहाने पोळलेल्या नायिकेचे ते गाणे तिने त्याच चालीत, मान खाली घालून, तिन्ही कडव्यांसह म्हटले. दुसऱ्या कडव्याला दारातल्या बायकांनी सवयीने टाळी धरली.

मग तिने घोडा पळवला, खाटेच्या पायावर बोटे आपटून. खलनायक हसला तसे ती हसली, आणि ते हसू ऐकून रामकिशनचे तान्हे पोर पाळण्यात रडू लागले. काहीही गाळले नाही. मधेच धोंडाबाईने अडवले, "त्या बहिणीचं काय झालं?" आणि गौरम्माने सांगितले, "ती दाखवली नाही. मी खाजाभाईला विचारलं. त्यालाही माहीत नाही."

कोर्टात साक्ष सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. टँकर आठ दिवसांनी आला होता. दारातली गर्दी क्षणात पांगली, घागरींचा आवाज झाला, ड्रायव्हरसुद्धा जीपमधला डबा घेऊन धावला. खोलीत दोघी राहिल्या.

"ऊठ गौरम्मा," धोंडाबाई म्हणाली. "पाणी आलंय. भरून ये. मी थांबते, कुटं पळून चालले?"

"जीप थांबणार नाही. तुला रात्र व्हायच्या आत भोकर गाठायचंय."

"घरात थेंब हाय का तुझ्या?"

"वकील उठला," गौरम्मा म्हणाली. "काळा कोट. म्हणतो, मी लॉर्ड, ज्या रात्री खून झाला त्या रात्री हा माणूस आपल्या आईच्या उशाशी होता."

बाहेर भांडण झाले, मिटले, नळीतले पाणी बारीक होऊन थांबले. टँकर उलटा फिरून निघून गेला. गौरम्माचा आवाज बसत आला होता, पण ती एकेक माणूस पिंजऱ्यात उभा करीत आणि खाली उतरवीत राहिली. शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"सुटला?" धोंडाबाईने विचारले.

"निर्दोष सुटला. ती पायरीवर उभी होती, तीच लग्नाची साडी नेसून. दोघं एकमेकांकडे चालत येतात. मग वर अक्षरं येतात आणि संपतं."

धोंडाबाईने डोळे मिटले. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला. तीन बोटे संपली, तेव्हा तो चौथ्यावर आला, आणि मधल्या पेरावर थांबला.

"अकरा," ती म्हणाली. "पुरे अकरा झाले, गौरम्मा. फिटलं."